सही कुणाची?



आजचा विषय माझ्या काही भाचे-पुतण्यांना रुचणार नाही. "आत्याला या वयात हे काय सुचलं!" असं म्हणतील. म्हणू देत.

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. पदरी दोन मुलं, धाकटं आठ महिन्यांचं. नवरा ट्रकवर असतो. पुन्हा दिवस गेले म्हणून सातव्या आठवड्यात ती एका सरकारी रुग्णालयात गेली. तिथे सांगितलं, "नवऱ्याला घेऊन या, त्याची सही लागते." नवरा फोनवर "हो" म्हणत होता, पण ते चालेना. त्याला यायला अठरा दिवस लागले. तोवर गोळ्यांची नऊ आठवड्यांची मुदत टळली. मग दाखल होऊन पिशवी साफ करून घ्यावी लागली. मजुरी बुडाली, तान्हं शेजारणीकडे ठेवावं लागलं. "बाई, माझी सही येत होती की हो मला," एवढंच ती म्हणाली. तिला सही शिकवणारी मीच. ते वाक्य फार लागलं.

बरं, कायदा काय म्हणतो? गर्भपाताचा कायदा १९७१ चा, १ एप्रिल १९७२ पासून अमलात. त्याआधी ज्या समितीनं त्याचा विचार केला, तिचे अध्यक्ष आपल्याच महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतीलाल शाह होते. या कायद्यात पहिल्या दिवसापासून स्पष्ट आहे की सज्ञान बाईची संमती पुरे. पालकाची संमती लागते ती अठरा वर्षांखालील मुलीसाठी किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीसाठी. संमतीच्या 'फॉर्म सी'वर नवऱ्याच्या सहीला जागाच नाही! २०२१ च्या दुरुस्तीनं गर्भनिरोधक फसलं तर अविवाहित स्त्रीलाही हा मार्ग मोकळा केला, ठरावीक कारणांसाठी मुदत वीसवरून चोवीस आठवड्यांवर नेली आणि स्त्रीचं नाव गुप्त ठेवण्याचं बंधन आणखी कडक केलं. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं तर डॉक्टरांना बजावलं, की कायद्यात नसलेल्या अटी, घरच्यांची संमती वगैरे, लादू नका.

मग ही सही आली कुठून? भीतीतून. उद्या नवरा भांडायला आला तर? म्हणून आधीच कागद करून ठेवायचा. डॉक्टरांची भीती मी समजू शकते. पण त्यांच्या भीतीची किंमत त्या पोरीनं का मोजायची?

दुसरं कारण आपल्या राज्याचं खास आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं केला, १९८८ साली. त्याचा मला अभिमान आहे. तरीही शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली २००१ साली ९१३ होत्या, त्या २०११ साली ८९४ झाल्या. मीही शाळेत मुलांकडून 'स्त्रीभ्रूणहत्या थांबवा' अशी चित्रं काढून घेतली. पण त्या चित्रांत आम्ही एक चूक केली. गर्भलिंग तपासणं हा गुन्हा आहे, गर्भपात नव्हे, हे मुलांना सांगितलंच नाही. त्यातून गर्भपात म्हणजेच पाप, गुन्हा, अशी समजूत रुजली. २०१२ नंतर धाडी पडू लागल्या तशी कित्येक औषधवाल्यांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच बंद केलं. मला सांगा, सातव्या-आठव्या आठवड्यात सोनोग्राफीत मुलगा की मुलगी दिसतं तरी का? मग त्या गोळ्या अडवून कुठली मुलगी वाचली?

"नवऱ्याचा काहीच अधिकार नाही का?" असं कुणी विचारेलच. आहे ना! घरी बसून बोलायचा आहे, समजून घ्यायचा आहे. बहुतेक घरांत तसं होतंही. पण जिथे होत नाही, जिथे नवरा मारतो, टाकून जातो किंवा मुळात नवराच नसतो, तिथल्या बाईनं सही कुणाची आणायची?

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. ते बाळंतपणासाठी होतं, गर्भपातासाठी नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण अडलेल्या बाईला दारातून परत पाठवायचं नाही आणि तिचा बभ्रा करायचा नाही, ही रीत त्यांनी घालून दिली. ती आपण विसरलो.

असो. तुमच्यापैकी कुणी एखादीच्या सोबत गेलात आणि नवऱ्याची सही मागितली, तर शांतपणे म्हणा, "फॉर्म सी दाखवा. यात त्यांनी सही कुठे करायची?" भांडू नका, पण हलूही नका.

त्या रुग्णालयाला मी पत्र पाठवलं आहे. उत्तर आलं तर इथे लिहीनच. तुमचं मत वेगळं असेल तर तेही जरूर कळवा, अगदी भाचे-पुतण्यांनीसुद्धा!