पंचाचा चष्मा आणि चारनंतरचं ऊन

साप्ताहिक स्तंभ : सीमारेषा

गावच्या सामन्यात पंचाने काळा चष्मा लावला की पहिली आरोळी ठरलेली असते : "काळ्या चष्म्यातून काय दिसते बे?" पायचीतचं अपील फेटाळलं की दुसरी : "चष्मा काढ ना भाऊ!" बोरगाव-सौंसरकडच्या मैदानांवर ही थट्टा इतकी मुरली आहे, की चांगले जाणते पंचही चष्मा खिशात ठेवतात आणि उन्हाकडे डोळे बारीक करून उभे राहतात. खेळाडूने लावला तर स्टाइल, पंचाने लावला तर रुबाब! फलंदाज बाद झाला की मंडपात जाऊन बसतो, गोलंदाज आपली षटकं टाकून सीमेवरच्या बाभळीची सावली गाठतो. दोन्ही डाव, पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत, उघड्या उन्हात उभा असतो तो पंच.

चष्मा हे पंचाच्या कामाचं साधन आहे, चेंडू मोजायच्या काउंटरइतकंच. मात्र रस्त्याकडेला टोपलीत मिळणारा कुठलाही काळा चष्मा ते काम करत नाही, उलट बिघडवतो. म्हणून आज निवडीबद्दल आणि निगेबद्दल जरा सविस्तर.

आधी आपलं ऊन समजून घेऊ. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या या पांढुर्णा जिल्ह्यात कापूस वेचून झाला, तुरी निघाल्या की शेतं मोकळी होतात आणि टेनिस बॉलच्या स्पर्धांना जोर चढतो. त्या मार्च ओलांडून एप्रिल-मेपर्यंत चालतात, आणि तेव्हा नागपूरपासून इकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात असतो. हिरवळ नावाला. काळी माती वाळून राखाडी झालेली, खेळपट्टीवर पांढऱ्या चुन्याच्या रेघा, आणि वारा सुटला की धुळीचे लोट.

या उन्हाचे डोळ्यांना दोन वेगळे त्रास आहेत आणि आपण ते एकच समजतो. पहिला अतिनील किरणांचा. हे किरण दिसत नाहीत, डोळे दिपवत नाहीत, पण वर्षानुवर्षं डोळ्यांवर पडत राहिले तर मोतीबिंदूला आणि बुबुळाकडे सरकणाऱ्या मांसल पडद्याला हातभार लावतात. त्यांचा जोर दुपारी अकरा ते तीन. दुसरा त्रास लख्ख उजेडाने दिपण्याचा, आणि तो उलट चारनंतर वाढतो. सूर्य खाली उतरतो आणि टोपीच्या कडेखालून थेट डोळ्यांत शिरतो. पहिल्याने डोळा बिघडतो, दुसऱ्याने निर्णय.

म्हणूनच 'जितका काळा तितका चांगला' हा समज खोटा आहे. काचेचा रंग उजेड कमी करतो, अतिनील किरण थांबतात ते लेन्सच्या मटेरियलमुळे किंवा त्यावरच्या लेपामुळे. पॉलिकार्बोनेटची रंगहीन लेन्ससुद्धा ते किरण जवळजवळ पूर्ण अडवते. उलट नुसत्या रंगवलेल्या स्वस्त प्लॅस्टिकमागे अंधार पाहून डोळ्याची बाहुली मोठी होते आणि अडवले न गेलेले किरण जास्तच आत जाण्याची भीती असते. घेताना 'यूव्ही 400' पाहावं, म्हणजे 400 नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात. पण स्टिकर कुणीही छापू शकतो. बऱ्याच चष्मेवाल्यांकडे यूव्ही तपासायचं छोटं यंत्र असतं. दोन मिनिटांचं काम आहे, सांगितलं तर करून देतात.

गडदपणाचे आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे शून्य ते चार असे वर्ग आहेत. दोन नंबरच्या लेन्समधून 18 ते 43 टक्के उजेड आत येतो, तीन नंबरमधून 8 ते 18 टक्के, चार नंबरमधून फक्त 3 ते 8 टक्के. चार नंबर बर्फाळ डोंगरांसाठी, तो लावून गाडी चालवायलाही मनाई असते. भर दुपारच्या आपल्या उन्हाला तीन नंबर योग्य. पण सामना संध्याकाळी संपणार असेल तर सोबत दोन नंबरचाही असावा, कारण शेवटच्या पाच षटकांतच सगळा तंटा असतो. ऊन पाहून आपोआप गडद होणाऱ्या लेन्सची जाहिरात भारी असली तरी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही : या लेन्स थंडीत जास्त गडद होतात आणि कडक उष्म्यात कमी. म्हणजे आपल्या मे महिन्यात, गरज असते तेव्हाच त्या हात आखडता घेतात.

रंगाचं काय? राखाडी लेन्स सगळे रंग जसेच्या तसे ठेवते, फक्त मंद करते. तपकिरी किंवा अंबर लेन्स निळा प्रकाश अडवते, त्यामुळे आकाश गडद दिसतं आणि उंच उडालेला पिवळा चेंडू उठून दिसतो. परदेशी मैदानांवर हिरव्या गवतावरचा लाल चेंडूही तिच्यातून चांगला दिसतो म्हणतात, पण आपल्याकडे गवत कुठे आहे? वाळलेल्या मातीवर सरपटत जाणारा पिवळा टेनिस बॉल अंबर लेन्समधून मातीतच मिसळू शकतो. कॅटलॉग वाचून ठरवू नका. दोन चष्मे घेऊन चारच्या सुमाराला मैदानावर जा, पोराला स्पर्धेतलाच चेंडू टाकायला सांगा, जमिनीवरून आणि हवेतून, आणि ज्यातून शिवण किंवा लव लवकर कळते तो निवडा. माझा कौल राखाडीला किंवा फिक्या तपकिरीला. पिवळा, निळा, जांभळा आणि आरशासारखा चमकणारा चष्मा वरातीसाठी ठेवावा.

पोलराइज्ड लेन्स ओल्या पृष्ठभागावरून, पाण्यावरून, गाडीच्या बोनेटवरून परावर्तित होणारी चमक कापते. कोरड्या मातीवर आणि चुन्यावर तिचा फारसा उपयोग नाही. शिवाय तिच्यातून मोबाइलचा किंवा डिजिटल काउंटरचा पडदा एका कोनात काळाठिक्कर दिसतो. चेंडू किती झाले ते पाहायला पंचाला मान वाकडी करावी लागली तर काय उपयोग! त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

काचेची लेन्स मात्र अजिबात नको. 2014 मध्ये इस्रायलमध्ये हिलेल ऑस्कर नावाचे पंच सामन्यात चेंडू लागून दगावले. त्यानंतर काही वर्षांत आंतरराष्ट्रीय पंच ब्रूस ऑक्सनफर्ड हातावर ढाल बांधून उभे राहू लागले. लेदर बॉलच्या सामन्यात समोरून सरळ येणारा फटका चुकवायला वेळच मिळत नाही. तेव्हा डोळ्यांपुढे फुटणारी वस्तू ठेवण्यात शहाणपण नाही. पॉलिकार्बोनेटच घ्या, फ्रेम कानशिलापर्यंत वळलेली, म्हणजे बाजूचं ऊन आणि धूळ दोन्ही अडतात.

नंबरवाल्या पंचांसाठी एक सूचना, कारण आपल्याकडचे बरेच पंच चाळिशी ओलांडलेले असतात. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लावून गोलंदाजाच्या टोकाला उभं राहू नये. त्या चष्म्याचा खालचा भाग हातभर अंतरावरचं वाचण्यासाठी असतो. पंच नो बॉल पाहायला नजर खाली टाकतो तेव्हा क्रीज त्याहून बरीच लांब असते आणि नेमकी तीच धूसर होते. तिथून नजर उचलून फलंदाजाकडे न्यायची, तर वेगवान चेंडू हातातून सुटून पोचायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. लांबचं पाहायचा एकाच नंबरचा, रंगीत पॉलिकार्बोनेट चष्मा करून घ्यावा. आणि वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेत. नजरच अधू असेल तर कुठलाही चष्मा पंचगिरी वाचवू शकत नाही.

आता चष्म्याआधीची गोष्ट. क्रिकेटची खेळपट्टी उत्तर-दक्षिण आखतात, ती संध्याकाळचा सूर्य फलंदाजाच्या डोळ्यांत येऊ नये म्हणून. नेपियरच्या मॅक्लीन पार्कवर ती पूर्व-पश्चिम आहे. 23 जानेवारी 2019 रोजी भारत-न्यूझीलंड एकदिवसीय सामना तिथे मावळतीच्या उन्हामुळे अर्धा तास थांबवावा लागला. पंच शॉन जॉर्ज यांनी तेव्हा खेळाडूंसोबत पंचांच्याही सुरक्षिततेचा मुद्दा सांगितला होता. आपल्याकडे खेळपट्टी शेताच्या धुऱ्याप्रमाणे आखतात. शेत पूर्व-पश्चिम लांब, तर पट्टीही तशीच! अशा पट्टीवर पूर्वेकडच्या टोकाचा पंच दुपारच्या डावात दर दुसऱ्या षटकाला थेट सूर्याकडे पाहत पायचीत ठरवतो. नियमाप्रमाणे पंच टोकं बदलतात ती दोन्ही संघांचा एकेक डाव संपल्यावर, त्यामुळे अख्ख्या डावात हे ऊन एकाच माणसाच्या वाट्याला येतं. स्पर्धा ठरवतानाच पट्टीची दिशा बदलली तर निम्मं काम फुकटात होतं.

उत्तर-दक्षिण पट्टीवर गोलंदाजाकडचा पंच सुटतो, पण स्क्वेअर लेगचा अडकतो. उजवा फलंदाज उत्तरेकडच्या टोकाला खेळत असेल तर स्क्वेअर लेग पूर्वेला येतो, आणि तिथून धावबाद पाहायचं तर समोर मावळता सूर्य. बेल्स उडाल्या तेव्हा बॅट रेषेत होती की नव्हती, हे पाहायला चष्मासुद्धा पुरत नाही. याला नियमातच उतारा आहे. नियम दोनप्रमाणे हा पंच ऑफ साइडला जाऊन उभा राहू शकतो, फक्त क्षेत्ररक्षण करणाऱ्या कर्णधाराला, फलंदाजाला आणि सहकारी पंचाला सांगायचं. आपल्याकडे ही मुभा कितीतरी पंच वापरत नाहीत. लोक म्हणतील हा तिकडे काहून गेला, म्हणून!

चष्मा घातल्यावरच्या तीन शिस्तीही सांगतो. अंधुक उजेडात खेळ थांबवायचा की नाही, हे ठरवताना चष्मा उतरवावा. फलंदाज बिनचष्म्याने खेळत असताना पंचाने काळ्या काचेतून उजेड मापणं न्यायाचं नाही. आणि कर्णधार वाद घालायला आला तर चष्मा काढून बोलावं. डोळे दिसले की अर्धा राग तिथेच उतरतो. चष्मा घालणं-काढणं षटक संपल्यावर करावं, कारण डोळ्यांना बदललेल्या उजेडाची सवय व्हायला थोडा अवधी लागतो.

निगेचं म्हणाल तर आपल्या मैदानावर चष्म्याचा पहिला शत्रू शर्टाचं टोक. धुळीत वाळूचे बारीक कण असतात, ते प्लॅस्टिकच्या लेन्सपेक्षा कठीण. कोरडं पुसलं की एकेक कण लेन्सवर ओरखडा काढत जातो, आणि महिनाभरात समोरच्या उन्हात लेन्सवर धुकं पसरल्यासारखं दिसतं. आधी पाण्याने धुवा. डबक्यातलं नको, पिण्याच्या कॅनमधलं घोटभर पुरे. मग साध्या द्रव साबणाचा एक थेंब बोटाने दोन्ही बाजूंना फिरवा, पुन्हा धुवा आणि मायक्रोफायबरच्या कापडाने टिपा. ते कापडही धुवावं लागतं, खिशात महिनोन्‌महिने राहिलेलं कापड म्हणजे पुन्हा धूळच. काचा पुसायचा अमोनियावाला फवारा, स्पिरिट, थिनर लेन्सला लावू नका, लेप उतरतो. मच्छर पळवायचं क्रीम लावलेले हातही प्लॅस्टिकला बाधतात.

घामातल्या मिठाने नाकावरच्या गाद्या आणि स्क्रू खराब होतात, म्हणून सामना संपला की लगेच धुवायची सवय ठेवावी. लेन्स खाली करून टेबलावर ठेवू नये, टोपीवर चढवून फिरू नये, फ्रेम ढिली होते. आणि गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच नाही, बंद गाडीतल्या तापाने फ्रेम वाकते आणि लेपाला बारीक तडे जातात. कडक डबी आणि मानेत अडकवायची दोरी यांना शंभर-दोनशे रुपये लागतात, त्यात चष्मा दोन हंगाम जास्त टिकतो. लेन्सवर मधोमध ओरखडे पडले की मात्र जीव न लावता बदलावी.

आपल्याच मध्य प्रदेशातल्या इंदूरचे नितीन मेनन 2020 मध्ये आयसीसीच्या पंचांच्या एलिट पॅनलवर गेले. आपल्याकडची पोरंही पंचांच्या परीक्षांना बसू लागली आहेत. त्यांना गावच्या मैदानावर पहिला धडा 'चष्मा लावला तर लोक हसतील' असा मिळू नये.

आयोजक मंडळांना माझी विनंती अशी. विजेत्याच्या कमरेइतक्या उंच ट्रॉफीतून, भोंग्यातून, फटाक्यांतून थोडे पैसे काढा. हजाराच्या आतबाहेर बरा पॉलिकार्बोनेट चष्मा मिळतो. दोन पंचांसाठी दोन चष्मे, दोन डब्या आणि रुंद कडेच्या दोन टोप्या मंडळाच्या पेटीत ठेवा, नंबरवाल्या पंचाला स्वतःचा करून घ्यायला मदत द्या. पहिल्या सामन्याआधी माइकवरून एकदा सांगून टाका, की पंच उन्हाचा चष्मा लावतील आणि तो मंडळाने दिला आहे. अंतिम सामन्याचा निकाल ज्याच्या डोळ्यांवर सोडता, त्याच्या डोळ्यांची सोय करणं तुमचंच काम आहे.

— चौथा पंच