घरची हॅट, बाहेरची हॅट



गेल्या रविवारी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली, ओटा आवरला, आणि धाकट्याने टीव्हीवर 'इंडियाना जोन्स' लावला. "आई, तूपण बस गं," म्हणाला. मी जरा कचरतच बसले. या मालिकेतला 1984 चा भाग मी पूर्वी अर्धा पाहून उठले होते. आपल्याकडच्या राजवाड्यातली पंगत म्हणून ताटात काय काय वाढलेलं दाखवलंय, ते आठवलं तरी मळमळतं. आपले अमरीश पुरी त्यात खलनायक आहेत, एवढं एकच लक्षात राहण्यासारखं.

हा भाग मात्र 2008 चा, 'किंगडम ऑफ द क्रिस्टल स्कल'. यात मारामाऱ्या आहेतच, पण मी अडकले ते एका मुलापाशी.

गोष्ट 1957 सालची. इंडियाना म्हणजे प्राध्यापक हेन्री जोन्स, आता वय झालेला. त्याच्याकडे मोटारसायकलवरून एक पोरगा येतो. चामडी जाकीट, खिशात कंगवा आणि चाकू. शाळा सोडलेली. नाव सांगतो मट, म्हणजे गावठी कुत्रं! हे नाव त्याने स्वतःच निवडलेलं. तो सांगतो की आपल्याला मोटारसायकली दुरुस्त करायला आवडतात. इंडियाना म्हणतो, त्यात काहीच वाईट नाही पोरा, कुणी काहीही म्हणो.

पुढे जंगलात मटची आई मॅरियन सांगते, हा तुझाच मुलगा. हा इंडियाना लग्न आठवड्यावर आलेलं असताना तिला सोडून गेलेला. आणि मुलगा आपला आहे हे कळताच त्याच्या तोंडून काय निघतं? याला शाळा पुरी का करायला लावली नाहीस?

मी खळखळून हसले आणि मग गप्प झाले. मुलगा परका असतो तोवर कुठलंही काम चांगलं. आपला निघाला की शिक्षण कुठे गेलं! आणि जाब कुणाला? आईला. इतकी वर्षं जिने वाढवलं तिला, जो तिथे नव्हताच त्याने विचारायचं. "तूच लाडावून ठेवलंस" हे वाक्य आपल्यापैकी कुणी ऐकलं नाही, हात वर करा बरं!

आमच्याकडे हेच चाललंय. थोरला दुकानात रमला. धाकट्याने दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं आणि गॅरेजात काम शिकायला लागला. गल्लीतल्या दुसऱ्या कुणाच्या मुलाने गॅरेज काढलं तेव्हा "पोरगं कष्टाळू आहे" असं आमच्या यांनीच म्हटलं होतं. स्वतःच्या मुलाशी मात्र चार महिने धड बोलणं नाही. पोळी वाढताना मी दोघांच्या मधे निरोप्यासारखी.

सिनेमाच्या शेवटी इंडियाना आणि मॅरियनचं लग्न लागतं. वाऱ्याने दार उघडतं, ती प्रसिद्ध हॅट उडून मटच्या पायाशी येते. तो उचलतो, डोक्यावर ठेवणार इतक्यात बाप हसत हसत ती काढून घेतो आणि स्वतःच घालून चालू लागतो. प्रेक्षक हसतात. पुढचा नायक मुलगा होणार अशी आशा लावून ती अशी काढून घेतलेली मला मात्र बरी वाटली नाही.

मी विचारलं, "मग पुढे मुलगा होतो का नायक?" धाकटा म्हणाला, "नाही गं. पुढच्या भागात तो मेलेला असतो."

2023 च्या भागात, ऐंशी वर्षांच्या हॅरिसन फोर्डसमोर, मटचा उल्लेख तेवढा येतो. बापाला डिवचायला म्हणून सैन्यात गेला आणि व्हिएतनामच्या युद्धात गेला. आईचं दुःख आवरेना, बापाला तिची समजूत घालता येईना, आणि ते दोघंही वेगळे झाले. काळात मागे जाता आलं तर काय करशील, असं विचारल्यावर हा जगभर फिरलेला माणूस एवढंच सांगतो की मुलाला अडवेन.

आणि आता गंमत बघा. इंडियानाला स्वतःला ती हॅट कुणी दिली? वडिलांनी नाही. 1989 च्या भागात तो लहान असताना चोरांच्या तावडीतून एक मौल्यवान क्रूस सोडवून धावत घरी येतो. वडील वहीत डोकं घालून बसलेले. मान वर न करता त्याला ग्रीकमध्ये वीस अंक मोजायला सांगतात. त्याच दिवशी त्या चोरांचा म्होरक्या, एक परका माणूस, त्याच्या डोक्यावर आपली हॅट ठेवतो. पोरगा जन्मभर तीच घालून फिरतो. वडिलांचं 'ज्युनियर' नाव टाकून घरच्या कुत्र्याचं 'इंडियाना' हे नाव घेतो. म्हणजे बाप आणि लेक, दोघांनीही कुत्र्याचंच नाव घेतलं! बंडखोर कुणाचा, ते वेगळं सांगायला नको.

माझं मत यातूनच पक्कं झालं. मुलगा डोकं उघडं ठेवून फिरत नाही. घरचं कुणी मायेने हात ठेवला नाही तर बाहेरचं कुणीतरी काहीतरी ठेवतंच. इंडियानाला परक्याची हॅट मिळाली, मटला सैन्याचं शिरस्त्राण. इंडियानाचं नशीब बरं, मटचं नव्हतं.

आणि वारसा म्हणजे बापाची गादीच चालवायची, असं तरी कुठे आहे? भगवान ऋषभदेवांनी राज्य मुलांना वाटून दिलं. बाहुबली भरतासमोर झुकले नाहीत, जिंकले, आणि जिंकलेलं तिथेच सोडून तपाला उभे राहिले. राज्य भरताने सांभाळलं, वडिलांची वाट बाहुबलींनीही धरली. दोघंही मुलगेच.

सिनेमा संपला तेव्हा दारात हे उभे होते. कधीपासून, कोण जाणे. म्हणाले, "काही म्हण, शाळा पुरी करायला हवी होती त्याने." धाकटा उठायला लागला. मी म्हटलं, "हो, हवी होती. पण ते त्याच्याशी बोलून सांगा. मला विचारू नका."

दोघंही माझ्याकडे बघत राहिले. मी दिवा मालवून झोपायला गेले. बाहेर बराच वेळ काहीतरी बोलणं चालू होतं, शब्द कळले नाहीत. उठून ऐकायला गेले नाही, हे मात्र मला जमलं.

तुमच्या घरी निरोप्या कोण आहे? एकदा सुट्टी घेऊन बघा.