शंभराची शंभरी भरली!

मराठी माणसाचे आणि शंभराचे नाते फार जुने. लहानाने वाकून नमस्कार केला की वडीलधारी 'शतायुषी हो' म्हणतात. जेवण झाले की शतपावली घालावी लागते. सोने चोख असेल तर ते शंभर नंबरी. पण याच भाषेने आणखी एक वाक्प्रचार घडवून ठेवला आहे. श्रीकृष्णाने शिशुपालाचे शंभर अपराध मोजून पोटात घातले आणि मग सुदर्शन सोडले. तेव्हापासून एखाद्याची शंभरी भरली म्हणजे त्याचा निकाल जवळ आला, असे आपण समजतो. क्रिकेटमधल्या शतकमोजणीची शंभरी आता भरली आहे, एवढेच मला सांगायचे आहे. हे वाचून कोणाला फराळाची चकली कडू लागली, तर त्याची आधीच क्षमा मागतो.

सचिन तेंडुलकरने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये 100 शतके केली. कसोटीत 51 आणि एकदिवसीय सामन्यांत 49. त्यांतले पहिले सतरा वर्षांच्या या पोराने 14 ऑगस्ट 1990 रोजी मँचेस्टरला ठोकले, आणि शंभरावे 16 मार्च 2012 रोजी मीरपूरला झाले. या माणसाची फलंदाजी पाहण्यासाठी मी कामे बुडवली आहेत, जेवणे थंड केली आहेत. तेव्हा माझे भांडण त्याच्याशी नाही. माझे भांडण आपल्या बोटांशी आहे. ती मोजायला शिकली आणि त्या नादात आपले डोळे पाहायचे विसरले.

आठवून पाहा. नव्याण्णवावे शतक 12 मार्च 2011 रोजी नागपूरला झाले. तिथून शंभरावे यायला एक वर्ष आणि चार दिवस लागले. मधल्या काळात सचिन काय झोपला होता? विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात मोहालीला पाकिस्तानविरुद्ध 85, ओव्हलवर इंग्लंडविरुद्ध 91, वानखेडेवर वेस्ट इंडीजविरुद्ध 94! दुसऱ्या कोणाच्या नावावर एवढे असते तर आपण त्याला खांद्यावर घेऊन नाचलो असतो. याला मात्र प्रत्येक वेळी आपण नापासांच्या यादीत टाकले आणि 'झालं का हो?' असे एकमेकांना विचारत राहिलो.

शेवटी ते झाले. सचिनने 147 चेंडूंत 114 धावा केल्या आणि आमच्या घरी पेढे आले. शेजारी आले, फोन आले, कोणी देवापुढे साखर ठेवली. रात्री उशिरा घरातल्या धाकट्याने विचारले, "पण जिंकलं कोण?" एकाही मोठ्या माणसाला उत्तर ठाऊक नव्हते! बांगलादेशाने तो सामना पाच गडी राखून जिंकला होता. त्या मुलाच्या प्रश्नाने मला जी लाज वाटली, तिच्यातूनच हा लेख जन्मला आहे.

आता या शंभराची बेरीजच तपासू. पाच दिवसांचा कसोटी सामना आणि पन्नास षटकांचा सामना हे दोन वेगळे खेळ आहेत. एखाद्या गवयाने रात्रभर आळवलेले राग आणि तीन मिनिटांच्या तबकड्या यांची बेरीज करून 'एकूण शंभर' असे कोणी सांगितले, तर आपण त्याला वेड्यात काढू. पूर्वीही 'शतकांचे शतक' हा शब्द होता. डब्ल्यू. जी. ग्रेसने ते 1895 मध्ये पुरे केले. ब्रॅडमनने 1947 मध्ये सिडनीला, तेही आपल्याच पाहुण्या संघाविरुद्ध. पण ती सारी शतके एकाच जातीची, प्रथम दर्जाच्या सामन्यांतली होती. आपण मात्र गहू आणि तांदूळ एका मापात ओतले आणि माप शिगोशीग भरले म्हणून टाळ्या पिटल्या.

याहून वाईट म्हणजे ही मोजणी उत्तमातले उत्तम गाळून टाकते. 1975 च्या जानेवारीत मद्रासला अँडी रॉबर्ट्सच्या माऱ्यापुढे भारताचा डाव 190 धावांत आटोपला. त्यांतल्या 97 एकट्या विश्वनाथच्या, आणि तो नाबाद राहिला. भारताने तो सामना नेमका 100 धावांनी जिंकला. शंभराचाच हट्ट असेल तर तो तिथे असा पुरवला गेला! सुनील गावसकरची कसोटीतली शतके 34. पण 1987 मध्ये बंगलोरला, चेंडू हातभर वळत असताना, त्याने आपल्या शेवटच्या कसोटी डावात काढलेल्या 96 धावा त्या यादीत कुठे आहेत? आणि 2011 चा विश्वचषक? अंतिम सामन्यात शतक जयवर्धनेने केले, नाबाद 103. आपल्याकडे गंभीरच्या 97 आणि धोनीच्या नाबाद 91. चषक कोणाकडे आला, हे सांगायला नको. 1983 च्या अंतिम सामन्यात तर दोन्ही संघांत मिळून सर्वांत मोठी धावसंख्या होती श्रीकांतची, 38!

'मग शतकाला काहीच किंमत नाही काय?' असे कोणी विचारील. आहे. मैलाचा दगड हवाच. रस्ता किती झाला ते तो सांगतो. पण त्याच दगडाला शेंदूर फासून त्याचा देव केला, की वाटसरू तिथेच बसकण मारतो. 2004 मध्ये मुलतानला द्रविडने डाव सोडला तेव्हा सचिन 194 वर होता. भारताने ती कसोटी एक डाव आणि 52 धावांनी जिंकली. पाकिस्तानच्या भूमीवरचा आपला तो पहिला कसोटी विजय. आणि आपण काय केले? न झालेल्या सहा धावांचे सुतक पाळले!

नुसता विजय हेही माप नव्हे, हे मला मान्य आहे. 1999 मध्ये चेन्नईला सचिनच्या 136 धावा होऊनही आपण 12 धावांनी हरलो. त्या खेळीला कोण कमी म्हणेल? सामन्याने काय मागितले आणि खेळाडूने काय दिले, हेच खरे माप. ते बोटांवर येत नाही. त्यासाठी सामना पाहावा लागतो.

15 नोव्हेंबर 2023 रोजी वानखेडेवर, सचिनच्या डोळ्यांदेखत, विराट कोहलीने पन्नासावे एकदिवसीय शतक करून 49 चा विक्रम मोडला. विक्रम मोडला, पण मोजणी मोडली नाही. ती एका खांद्यावरून उतरून दुसऱ्या खांद्यावर बसली.

आणि वाचकहो, हे मैदानापुरते असते तर मी बोललोही नसतो. पण बाण्णव गुणांचा कागद घेऊन आलेल्या पोराला 'आठ कुठे गेले?' असे विचारणारे घर आणि 94 वर बाद झालेल्या सचिनवर हळहळणारे घर, ही दोन घरे नाहीत. म्हणून या दिवाळीत एवढेच करा. पोरगा मैदानावरून घरी आला की 'किती केल्यास?' असे विचारू नका. 'कसा खेळलास?' असे विचारा, आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐका.