दोष कुणाचा, सुया कुणाला?

लग्नाला तीन वर्षे झाली, मूल नाही, की टेबलावर आधी बाईच झोपते. नळ्यांचा एक्स-रे, दुर्बिणीची तपासणी, पिशवी साफ करणे, मध्येच अंबाबाईला नवस. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी सगळ्यांत सोपी आणि स्वस्त, ती सगळ्यांत शेवटी. राधानगरी-गडहिंग्लजकडच्या बायका कागदांची पिशवी घेऊन येतात, तेव्हा मी आधी त्याचा रिपोर्ट शोधते. बहुधा तो नसतोच. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण एकटे वा जोडीने असते. ‘वांझोटी’ हा शब्द मात्र तिच्यापुरताच!

आणि रिपोर्टमध्ये शुक्रजंतू नाहीत असे निघाले तर? १९९२ पासून ‘इक्सी’चा मार्ग आहे. काही पुरुषांच्या वृषणातून सुईने शुक्रजंतू काढून एकेक बीजात सोडता येतो. पण त्यासाठी निरोगी बाईने दहा-बारा दिवस इंजेक्शने घ्यायची, भूल घेऊन बीजे काढू द्यायची. खर्च लाखाच्या पुढे. कशासाठी? तर वंश ‘त्याचा’ हवा.

दुसरा मार्ग दात्याच्या वीर्याचा. पूर्वी ताजे वीर्य गर्भाशयाच्या मुखाशी सोडत. त्यात एचआयव्ही, काविळीचा धोका, कारण नुकती झालेली लागण तपासणीत दिसतेच असे नाही. म्हणून आता वीर्य गोठवून ठेवतात, दात्याची पुन्हा तपासणी करतात आणि धुतलेले शुक्रजंतू बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडतात. काही मिनिटांचे काम, भूल नाही. पाळी नियमित असेल तर बीज फुटण्याचा दिवस पाहूनही हे करता येते. सरसकट बीजवाढीची औषधे कशाला? त्यांनी जुळ्या-तिळ्यांची जोखीम वाढते, आणि ती वाहते बाईच.

या सोप्या मार्गाला घरातून विरोध असतो. किंवा सासू सुचवते, ‘दिराचेच घ्या, रक्त घरातले राहील.’ व्यासापुढे अंबिकेने डोळे मिटले, अंबालिका पांढरीफटक पडली. तिथेही ठरवणारी सासूच होती. २०२१ च्या कायद्याने हे बंद केले आहे. वीर्य नोंदणीकृत बँकेतूनच, २१ ते ५५ वयाच्या अनोळखी दात्याचे, आणि दोघांची लेखी संमती घेऊन. एकट्या बाईलाही हा हक्क आहे, हे किती जणींना ठाऊक आहे? पूर्वी काही डॉक्टर नवऱ्याचे वीर्य त्यात मिसळत. वैद्यकीय फायदा शून्य, मर्दानगीला मलम तेवढे.

शुक्रजंतू निवडून ‘मुलगाच’ देतो म्हणणाऱ्यापासून तर सावध! २००३ पासून तो गुन्हा आहे. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या.

संमतीचा कागद मराठीत आहे का, तो तिने एकटीने, सासरच्यांना बाहेर बसवून वाचला का, एवढे तरी आपल्या गटांनी दवाखान्यात जाऊन विचारायला सुरुवात करू या. आणि ती ‘नको’ म्हणाली, तर तिथेच थांबायला लावू या.