खाडीचे शांत पाणी

परवा तिशीतला एक तरुण पाठ दाखवायला आला. रोज कोपर ते दादर, जाता-येता उभ्याने. औषध लिहून घेता घेता हळूच म्हणाला, ‘‘डॉक्टर, मित्रांनी कयाक आणलीय. रविवारी आपल्या खाडीत उतरतोय. भरती पुरी झाली की पाणी तळ्यासारखं असतं.’’

दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालवायची ही अरुंद होडी. व्यायाम म्हणून मला ती पसंत आहे. वल्हे नुसत्या दंडाने न ओढता कमरेपासून धड वळवून मारले, तर पाठ, पोट, खांदे सगळ्यांना काम मिळते. मात्र पाय पसरून बसावे लागते. मांडीमागच्या शिरा आखडलेल्या असल्या तर पाठीला पोक येऊन ती दुखते, आणि कंबरेतून पायात कळ जात असेल त्याने तूर्त या वाटेला जाऊ नये.

माझा आक्षेप आहे तो जागेला. वसईची गाडी कोपरच्या वरच्या फलाटावरून सुटून पुलावर आली की उल्हास खाडी निश्चल दिसते खरी. पण तो भरती-ओहोटीमधला थोडा वेळ. ओहोटी लागली की पाणी समुद्राकडे ओढ घेते, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास अधिकच. दमलेला नवशिका कितीही वल्हवो, काठ जवळ येत नाही. आला तरी तिवरे आणि चिखल! शिवाय शहरांचे सांडपाणी त्यातच. पायाला जखम असेल तर विचारूच नका.

मी स्वतः चाळिशीत शिकलो, तेही तळ्यात. पोहता येते या घमेंडीत लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले नव्हते. होडी कलंडली, जॅकेट वर सरकून नाकाशी आले. पाणी छातीइतकेच, म्हणून उभा राहिलो.

ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. मासुंद्यात नौकाविहार आहे, कल्याणला काळा तलाव आहे. छातीइतक्या खोलीचा कोपरा दोरीने आखून, शिकवणारा ठेवून, सकाळचा एक तास नवशिक्यांना द्यायला महापालिकांनी अनमान करू नये. पोरे पाण्यात उतरणारच. कुठे उतरावीत एवढेच आपल्या हाती आहे.

त्या तरुणाला पाठीचे व्यायाम दाखवले आणि पोहता येते का, विचारले.

‘‘थोडं थोडं,’’ तो म्हणाला.

रविवारचा बेत मी रद्द करायला लावला.