आधी ओल, मग रंग



भिंतीवर डाग दिसला की आपण लगेच ब्रश शोधतो. माझे मत असे आहे, की ब्रश सर्वांत शेवटी हातात घ्यावा. हे मी उन्हाळ्याच्या सुट्टीत उल्हासनगर कॅम्प १ ला, आत्याकडे शिकलो.

उल्हासनगर ही दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी होती. १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधी निर्वासित तिथल्या बराकींत आले. एका बराकीत आडभिंती घालून अनेक कुटुंबे राहू लागली. आत्याची खोली अशाच जुन्या बराकीतली आहे. तिची एक भिंत शेजारच्या सिंधी दादींची पण आहे.

त्या भिंतीला लोणा लागला होता. पोपडे निघत होते. काका स्वतः रंगारी, तरी तिथे त्यांनी तीनदा रंग फासला होता. दर खेपेला डाग वर यायचाच. मी विचारले, "काका, असं का होतं?" ते म्हणाले, "अरे, भिंत आतून ओली आहे. पाणी भिंतीतले क्षार बाहेर आणतं आणि रंग सुटतो. पलीकडे दादींची मोरी आहे. पण सांगायचं कसं? उगाच वाईटपणा नको."

माझी छोटी आतेबहीण ते पोपडे सोलून तोंडात घालायची. जुन्या रंगात शिसे असू शकते. ते मुलांच्या मेंदूला फार वाईट. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसे नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. बराकीच्या भिंती त्याच्या कितीतरी आधीच्या!

शेवटी आत्याच दादींकडे गेली. मी पण गेलो. दादींनी भिंतीवरचे कॅलेंडर बाजूला केले. मागे तसाच डाग! त्या म्हणाल्या, "मला वाटलं, पाणी तुमच्याकडूनच येतंय!" सगळे हसले. मोरीचा नळ गळत होता. दुसऱ्या दिवशी तो दुरुस्त झाला.

मग काकांनी भिंत चांगली वाळू दिली. आम्हा मुलांना बाहेर काढून पोपडे खरवडले. धूळ उडू नये म्हणून पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासला. पुट्टीचे पातळ हात दिले, ती वाळल्यावर प्रायमर लावला. रंग मात्र या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला दिला. जुना रंग फिका पडलेला असतो, म्हणून नुसते ठिगळ उठून दिसते.

मला वाटते, तीन वेळचा रंग फुकट गेला तो न बोलल्यामुळे. म्हणून पालकहो, घरात डाग दिसला तर आधी पाणी कुठून येते ते बघा. भिंत दोघांची असेल तर शेजाऱ्यांशी गोडीने बोला. रंगाचा डबा कुठे पळून जात नाही.

– एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी