रक्तगट आणि संशय

पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांतून भरणाऱ्या रक्तदान-शिबिरांमुळें पुष्कळ घरीं आतां रक्तगटाचीं कार्डें आलीं आहेत. पित्याचा गट 'एबी' आणि अपत्याचा 'ओ' असें त्यांवरून आढळल्यास मातेविषयीं शंका घेण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी, अशी आमची वाचकांस विनंती आहे.

तांबड्या पेशींवर 'एच' नांवाचें द्रव्य असतें. त्याच्याच पायावर 'ए' व 'बी' हीं द्रव्यें रचलीं जातात. 'एच' घडविणारें जनुक आईबाप दोघांकडूनहि सदोष आलें, तर पायाच पडत नाहीं. मग पित्याकडून लाभलेला 'ए' वा 'बी' गुण रक्तांत असूनहि प्रकट होत नाहीं, आणि नेहमींची तपासणी 'ओ' असें सांगते. जवळच्या नात्यांतील विवाहांत हा योग अधिक संभवतो. डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५२ सालीं मुंबईंत हा गट प्रथम दाखवून दिला. म्हणून त्यास 'बाँबे' गट म्हणतात.

अशा मनुष्यास 'ओ' गटाचें रक्तहि घातक ठरतें. त्यास 'बाँबे' गटाचेंच रक्त लागतें. यास्तव शंका आल्यास रक्तपेढींत 'एच'ची तपासणी अवश्य करवावी. तिनें कदाचित् मातेवरील किटाळ टळेल, आणि अपत्याचा जीवहि वांचेल.